आधी मोज, मग बटणं दाब

कुवेतमधल्या शुवैखच्या त्या पत्र्याच्या शेडमधून पाठवलेलं तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. वरच्या सुरांवर जाड घोंगडी टाकल्यासारखा आवाज आहे. आणि तू लिहितोस, स्पीकर जुने, थकलेत. स्पीकर थकलेले नाहीत. तू अभ्यास केलेला नाहीस.

तुझा जेबीएल ४४३० हा १९८१ चा स्टुडिओ मॉनिटर. खाली १५ इंची वूफर, वर बाय-रेडियल हॉर्नवर २४२१ ड्रायव्हर, जोड १००० हर्ट्झला. एवढं वाचलंस, आतलं नेटवर्क उपसून काढलंस, डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये १००० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली, २४ डीबी भरलंस आणि झालं? त्या नेटवर्कचं काम नुसतं आवाज वाटून देण्याचं नव्हतं! बरेच जुने हॉर्न वर जाताना आवाज एका झोतात आवळतात, म्हणून समोर बसलेल्याला वरचे सूर भरपूर मिळतात. हा हॉर्न ते सूरही १०० अंशांत सारखे पसरवतो, त्यामुळे ड्रायव्हरची उतरण उघडी पडते. ती भरून काढणारी चढण त्या नेटवर्कमध्येच होती. तीच तू फेकलीस! आता ती क्रॉसओव्हरमध्ये तुलाच द्यायची आहे, आणि मोजून द्यायची आहे.

पडद्यावर २४ दिसलं म्हणजे स्पीकरमधून २४ निघत नाही. ड्रायव्हर आणि हॉर्न यांचा स्वतःचा उतार त्यात मिळतो. क्रॉसओव्हरचा उतार आणि हा उतार मिळून २४ व्हायला हवेत.

सगळ्यात संताप आला तो ड्रायव्हर थेट अ‍ॅम्पला जोडल्याचा. मध्ये साधा कपॅसिटरही नाही! चालू करताना एक धक्का बसला की अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा कायमचा गेला. ८ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ६६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. त्याची हद्द ३०० हर्ट्झच्या आसपास येते. तो लावूनच मोज, कारण तोही फेज सरकवतो. आधी क्रॉसओव्हर चालू, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट.

वूफरची तारही तपास. जेबीएलच्या त्या काळच्या वूफरमध्ये काळ्या टर्मिनलला धन दिलं की कोन बाहेर येतो. दीड व्होल्टचा सेल टेकवून बघ, लाल म्हणजे धन असं गृहीत धरू नकोस. फोमची कडही बघ. बोटाला चुरा लागला तर कड बदलल्याशिवाय एक सूरही वाजवायचा नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारची गॅरेजं बंद असतील, एसीही बंद ठेव. स्पीकर जमिनीपासून उंच उचल, पत्र्यांपासून लांब ने, माइक समोर ठेव. आधी वूफर आणि हॉर्न वेगवेगळे मोज, मग एकत्र. शेवटी हॉर्नची पोलॅरिटी उलटी कर. १००० हर्ट्झला खोल खड्डा पडला नाही तर उतार नाहीतर डिले चुकलाय. तो पडेपर्यंत दुरुस्त कर, मग पोलॅरिटी सुलटी कर. सगळे आलेख मला पाठव. ते बघेपर्यंत इक्वलायझरला हात लावायचा नाही.