पहिले पान, चौथे पान

आमच्या शाळेचे वार्तापत्र चार पानांचे. पहिल्या पानावर बातम्या, मधल्या दोन पानांवर मुलांच्या कविता, चित्रे, गॅदरिंगचे फोटो, आणि चौथ्या पानावर चिंतन. पहिले आणि चौथे पान अनेक वर्षे मीच लिहीत आले. वसईच्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईकडे हे काम आपोआप येते, आणि मी ते आवडीने केले.

गेल्या वर्षी जून महिन्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या सणासाठी चिंतन लिहायचे होते. सण २७ जूनला होता. मिस्सातली रविवारची आणि मोठ्या सणांची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. चक्राच्या तिसऱ्या वर्षी या सणाला लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय येतो, हरवलेल्या मेंढराचा दाखला. २०२२ साली तो आला तेव्हा महासाथीत बंद पडलेले आमचे वार्तापत्र अजून सुरू झाले नव्हते. म्हणून त्याच्या आधीच्या फेरीत आपण काय लिहिले होते ते पाहावे, पुन्हा तेच नको, या हेतूने मी जुनी फाइल काढली. जून २०१९ चा अंक हातात आला. चौथे पान वाचले, बरे वाटले. अंक मिटताना पहिले पान समोर आले आणि मी खुर्चीत बसून राहिले.

पहिल्या पानावर मोठ्या टायपात होते: दहावीचा निकाल शंभर टक्के.

ते वर्ष शिक्षकांना आठवत असेल. भाषा विषयांचे शाळेकडचे वीस गुण त्या वर्षी बंद केले होते, आणि ८ जूनला निकाल लागला तेव्हा राज्याची टक्केवारी आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० वर आली होती. भल्याभल्या शाळा हादरल्या. अशा वर्षी आमचे एकही मूल नापास झाले नाही, म्हणून शाळेत पेढे वाटले गेले, चर्चमध्ये मिस्सानंतर घोषणा झाली. बातमीत मी लिहिले की हे शिक्षकांच्या कष्टाचे आणि देवाच्या कृपेचे फळ आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, मी नववीची वर्गशिक्षिका होते. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे धोरण तेव्हा होते, त्यामुळे खरी चाळणी नववीत लागायची. एका बैठकीत सात नावांची यादी झाली. ही मुले दहावीला बसली तर निकाल खाली येईल, असे सगळ्यांचे मत पडले. त्यांच्या पालकांना बोलावायचे आणि दोन वाटा सांगायच्या: दाखला घेऊन दुसरीकडे जा, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा. सतरा नंबरचा विद्यार्थी खाजगी विद्यार्थी म्हणून धरला जातो. त्याचा निकाल शाळेच्या निकालात येत नाही. ही सोय ज्यांची शाळा कामाधंद्यामुळे, आजारामुळे सुटली आणि ज्यांना पुन्हा परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी आहे. आम्ही ती बाहेर काढण्याचा दरवाजा म्हणून वापरली. यादीखाली वर्गशिक्षिकेची सही लागत होती. मी ती केली.

सातांपैकी तीन मुले पाड्यावरची होती, वारली घरांतली, त्यांच्या घरात नववीपर्यंत पोहोचलेली पहिलीच. एक मुलगा आमच्याच धर्मग्रामातला. त्याच्या घरी मोगऱ्याची वाडी होती. संध्याकाळी कळ्या खुडायच्या, रात्री टोपल्या भरायच्या आणि पहाटेच्या लोकलने बापाबरोबर दादरच्या फुलबाजारात जायचे. तिथून परत येऊन तो पहिल्या तासाला वर्गात बसे. तिसऱ्या तासाला त्याचे डोके बाकावर असे. मी त्याला अनेकदा उठवले, कधी रागावून, कधी हसून. तो का झोपतो, हे मला ठाऊक होते. दोन तास जादा थांबवून, वर्षभर कोणीतरी त्याच्यामागे बसले असते तर तो पस्तीस गुणांपर्यंत नक्की आला असता. हेही मला ठाऊक होते, आणि आजही माझे मत तेच आहे.

त्याची आई आली होती. डोक्यावरचा पदर सावरत ती माझ्या टेबलापाशी उभीच राहिली. मी सांगितले, "ताई, हे त्याच्या भल्यासाठीच आहे. बाहेरून बसला तर त्याच्यावर ताण येणार नाही." ती म्हणाली, "टीचर, तुम्ही म्हणाल तसं." एवढेच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी बोलले ते खोटे होते. त्यात त्याचे भले मी पाहिलेच नव्हते. शाळेचा आकडा पाहिला होता.

आणि जून २०१९ च्या चौथ्या पानावर मी मेंढराचा दाखला उलगडून सांगितला होता. शंभर मेंढरे असलेला एक माणूस, त्यातले एक हरवते, तो नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो. मी लिहिले होते की आजची तरुण मुले चर्चपासून दूर जातात, मोबाइलमध्ये हरवतात, आपण त्यांना शोधायला हवे. भाषा चांगली होती. बऱ्याच जणांनी फोन करून कौतुक केले होते.

शंभर हा आकडा एकाच कागदावर दोन ठिकाणी होता आणि माझ्या लक्षात आले नाही. दाखल्यातल्या मेंढपाळाच्या शंभरात एक कमी पडले म्हणून ते सापडेपर्यंत तो फिरला. आमचे मेंढरू हरवले नव्हते. मेंढपाळांनीच त्याला वाड्याबाहेर काढले होते, उरलेल्यांची मोजणी करून शंभर टक्के लिहिले होते आणि वर देवाचे आभार मानले होते.

मला आज स्वतःला विचारायचा प्रश्न असा आहे की सात वर्षे हे पाप मला पाप का वाटले नाही. मी पापनिवेदनाला नियमाने जाते. जाण्याआधी मनाची तपासणी करते, लहानपणी सिस्टरांनी शिकवली तशी. त्या तपासणीत सासूबाईंशी बोललेला चढा शब्द असतो, शेजारणीबद्दल केलेली कुजबूज असते, चुकलेली रोजरीची प्रार्थना असते. शाळेच्या टेबलावर केलेली सही त्यात कधीच आली नाही. ती कामाची गोष्ट होती, बैठकीत ठरलेली, सगळ्यांनी मान्य केलेली. दहा जणांनी मिळून केलेल्या गोष्टीचा भार एकाच्या वाट्याला एक दशांश येतो असे काहीतरी मी मनात धरून चालले होते. मिस्साच्या सुरुवातीला आपण सगळे मिळून कबुली देतो, त्यात विचार, शब्द आणि कृतीबरोबर करायचे राहून गेलेलेही मोजतो. छातीवर हात मारून मी ते म्हणत असे आणि नववीच्या त्या बाकाची आठवण मला होत नसे.

शाळेची बाजू मला मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. मराठी माध्यमाचे वर्ग दरवर्षी रोडावत आहेत. आमच्या गावातले पालक, ज्यांच्या घरी अजून कादोडी ही आमची बोली बोलतात तेसुद्धा, मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकांची पदे जातात, माणसे अतिरिक्त ठरतात, दूरच्या शाळेत पाठवली जातात. निकाल हा एकच आकडा असा आहे की जो पाहून पालक मराठी शाळेकडे वळतील अशी आम्हाला आशा वाटते. ही भीती कोणा एका प्राचार्यांची नव्हती. स्टाफरूममधल्या प्रत्येक बाईच्या पोटात होती, माझ्याही. पण भीती खरी होती म्हणून सही बरोबर ठरत नाही. शाळा वाचवण्यासाठी आम्ही नेमकी तीच मुले बाहेर काढली ज्यांच्यासाठी शाळा हवी होती.

हे मी म्हणते असे नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला. कॅथलिक शाळांनी गरिबांकडे, घरच्या आधाराला आणि मायेला पारखे झालेल्यांकडे आणि ख्रिस्ती श्रद्धा नसलेल्यांकडेही विशेष लक्ष द्यावे, अशी अपेक्षा त्यात आहे. आमच्या सात जणांच्या यादीत ही सगळी मुले होती. गेल्या ऑक्टोबरात या जाहीरनाम्याला साठ वर्षे झाली आणि पोप लिओ चौदावे यांनी त्यानिमित्त पत्र लिहिले, तेव्हा त्याची बातमी पहिल्या पानासाठी मीच तयार केली. लिहिताना हात थांबत होता. १ नोव्हेंबरला त्यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित केले आणि कॅथलिक शिक्षणाच्या आश्रयदात्या संतांत त्यांचा समावेश केला. न्यूमन यांनी १८५९ साली बर्मिंगहॅमला स्वतः मुलांची शाळा काढली होती आणि सदसद्विवेकबुद्धीवर त्यांच्याइतके खोल लिहिणारे थोडे. एक शिक्षक आणि विवेकाचा अभ्यासक एकाच माणसात असावा, याचे मला फार अप्रूप वाटले, आणि लाजही.

आणखी एक गोष्ट सांगते. आम्ही वसईकर दरवर्षी ५ फेब्रुवारीच्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया यांच्यावर लिहितो. वसईत जन्मलेले, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर हुतात्मा झालेले, १८६२ साली संत म्हणून जाहीर झालेले. मी हे किती वेळा लिहिले असेल. त्यांच्या चरित्रातले एक वाक्य मात्र मी नेहमी गाळत आले. त्यांना जेझुइट संघात घ्यावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती पुरी झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू झाले. आमच्या गावाचा संत हा एका संस्थेने दारातून परत पाठवलेला माणूस आहे. हे वाक्य मुलांच्या अंकात शोभत नाही असे मला वाटे. आता वाटते की यादीतल्या त्या सात मुलांनी हे एक वाक्य वाचायला हवे होते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची या दिवसांत फार आठवण येते. १९८३ ते २००७ या काळात ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा धर्मगुरू हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरला, कारण वसईच्या विहिरी, जमिनी आणि इथली दहशत हा त्यांच्या लेखी श्रद्धेचाच विषय होता. त्यांच्या अंकात बातमी आणि चिंतन वेगवेगळ्या पानांवर असले तरी ती एकमेकांकडे पाहत असत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा मी त्यांच्यावर चौथ्या पानावर भरभरून लिहिले. माझी दोन पाने तोपर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हती.

२०१८ नंतरही दोनदा अशा यादीवर माझी सही आहे. हे लिहिल्याशिवाय ही तपासणी पुरी होणार नाही.

गेल्या आगमनकाळात मी पापनिवेदनाला गेले आणि हे सगळे सांगितले. फादर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "त्या बाईंना भेटलात का?" पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी चर्चच्या पायरीवर तिची वाट पाहिली. जवळपास आठ वर्षे दर रविवारी ती मला दिसत होती, मान डोलावत होती. मी म्हणाले, "ताई, तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." तिला आधी कळले नाही. कळल्यावर ती म्हणाली, "दोनदा बसला टीचर, गणितात राहिला. आता दादरलाच असतो." मग थोड्या वेळाने, "तुमच्या वर्गातली वही ठेवलीय त्याने." मी क्षमा मागितली. तिने माझा हात धरला, पण क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावे अशी अपेक्षा ठेवायचा मला अधिकार नाही. मुलाला मी अजून भेटलेले नाही. तो दुपारी घरी असतो आणि झोपलेला असतो. जायचे आहे.

यंदाचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला. उपवासकाळ संपतो न संपतो तोच एप्रिलमध्ये शाळाशाळांत नववीचे निकाल तयार होतील आणि काही टेबलांवर तशी यादी येईल. मी प्राचार्यांना लेखी कळवले आहे की अशा यादीवर मी सही करणार नाही, आणि जूनच्या अंकात निकालाची बातमी मी तीन आकड्यांनी देईन: नववीला किती मुले होती, त्यांतली दहावीला किती बसली, किती उत्तीर्ण झाली. उत्तर अजून आलेले नाही.

नववीच्या वर्गशिक्षकांनो, सही करण्याआधी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन या. पहाटे जा.