वस्तीस आलेला आणि वाटेनें जाणारा

परगांवाहून आलेल्या प्रत्येक मनुष्यास आपण 'बाहेरचा' ह्या एकाच नांवानें ओळखतों. परंतु बाहेरून येणारे दोन प्रकारचे असतात. एक वस्ती करावयास येतो. दुसरा कांहीं काळ राहून निघून जातो. ह्या दोहोंत भेद कोणता, आणि त्यामुळें त्यांच्याविषयींच्या आपल्या कर्तव्यांत भेद पडतो काय, ह्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

सरकारी गणतींत हा भेद दिवसांवरून ठरतो. २००७-०८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत, कामासाठीं वर्षांतून एक महिना किंवा अधिक, परंतु सहा महिन्यांहून कमी काळ गांव सोडून राहणाऱ्यास अल्पकालीन स्थलांतरित मानिलें. गणतीस असें माप लागतेंच. परंतु मनुष्याची स्थिति केवळ दिवसांनीं कळत नाहीं. कोंकणांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले पुष्कळ कामगार तेथें अर्धें आयुष्य राहिले, तरी त्यांचें कुटुंब, शेत व मन गांवींच होतें. १९८२ सालीं सुरू झालेला संप लांबला तेव्हां अनेकांनीं गांवची वाट धरिली. उलट, सतराव्या शतकांत तंजावरास भोसल्यांचें राज्य झालें, तेव्हां तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजहि तेथेंच आहेत. घरीं ते आपल्या परीची मराठी बोलतात, बाजारांत तमिळ. म्हणजे वस्तीस आलेल्याची आशा नव्या भूमींत रुजते. जाणाऱ्याची आशा मागें घरीं राहते.

आतां ऊसतोड करणाऱ्यांकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरितात. फडाजवळ किंवा कारखान्याजवळ कोपी उभी राहते. आणि हंगाम संपतांच ती मोडून सर्व परत जातात. "हे तर जाणारेच, ह्यांच्यासाठीं इतकी खटपट कशाला?" असें आपल्यांतील पुष्कळ म्हणतात.

आम्हांस ह्याच्या उलट वाटतें. वस्तीस आलेल्यास आज ना उद्यां शेजारी मिळतो, मत मिळतें, पंचायतींत शब्द मिळतो. त्याच्याकडून गांवच्या कामांत वांटा मागणेंहि रास्त आहे. जाणाऱ्याकडून मात्र विहीर व पीक जपावें, ह्याहून फार मागतां येत नाहीं. एवढा भेद आम्हीं मान्य करितों. परंतु जाणाऱ्याचें मत दूर गांवीं असतें, आणि त्याची तक्रार ऐकली जाण्यापूर्वींच त्याची गाडी निघून जाते. म्हणून त्यास फसविणाऱ्यास भय नसतें. ज्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नाहीं, त्याचा आपल्यावरील हक्क कमी नसून अधिकच आहे.

शिवाय कांहीं गरजा थांबत नाहींत. तहान, बाळंतपण व आजार घरीं परतण्याची वाट पाहत नाहींत. सात वर्षांच्या मुलीचे शाळेचे पांच महिने फडांत गेले, तर ती पुन्हा सात वर्षांची होत नाहीं. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेंत शिकण्याचा हक्क दिला आहे. परंतु कोपींतल्या मुलीस शाळेपर्यंत हात धरून नेणारा कोणी पाहिजे. जेथें टोळी उतरते त्या गांवानें तिला नेऊन बसवावें. जेथून टोळी निघते त्या गांवानें मुलांस हंगामी वसतिगृहांत किंवा आजीजवळ ठेवून घ्यावें.

जो आपल्यांत राहणार आहे, त्याच्याशीं चांगलें वागण्यांत आपलाहि लाभ असतो. जाणाऱ्याच्या बाबतींत तो लाभ नाहीं. म्हणून आपला न्याय खरा कीं खोटा, हें तेथेंच कळतें.