वेदनेचा रकाना

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये प्रसूतिकक्षासाठी एक नवा तक्ता दिला. जुन्या पार्टोग्राफची ही सुधारित आवृत्ती. बाळाचे ठोके, पिशवीचे तोंड किती उघडले, दहा मिनिटांत किती कळा आल्या, हे सगळे त्यात आहेच. पण त्याच्याही वर चार साधे रकाने आहेत. बाईच्या सोबतीला कोणी आहे का? वेदना कमी करण्यासाठी काही दिले का? तोंडावाटे पाणी-पेज गेली का? ती आडवी पडून आहे की हिंडते-फिरते आहे? पहिल्या तीन प्रश्नांना तीनच उत्तरे चालतात: होय, नाही, किंवा विचारले पण तिने नको म्हटले.

महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत दुसऱ्या रकान्यात काय भरले जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि ‘नको म्हटले’ हे तर आधी विचारल्याशिवाय लिहिताच येत नाही.

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला तिलारीचा घाट आणि त्याखाली दोडामार्ग, गोवा. ताम्रपर्णी आणि घटप्रभेचे पाणी, भात, ऊस, काजू आणि चार महिने कोसळणारा पाऊस. जिल्ह्याचे गाव शंभराहून अधिक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. त्यामुळे बाळंतपण अडले तर गडहिंग्लज गाठायचे की बेळगाव, याचा विचार इथल्या घरांत पोटुशीला नववा लागायच्या आत करून ठेवावा लागतो. अशा मुलखात वेदनाशमनाचा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: आधी रक्त मिळू दे, गाडी वेळेवर येऊ दे, डॉक्टर जागेवर असू दे, कळांचे काय, त्या सगळ्यांनाच येतात.

या प्रतिक्रियेत तथ्य आहे. गेल्या वीस वर्षांत सरकारने आई जगावी म्हणून मोठी मोहीम चालवली आणि तिला यशही आले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ ची गाडी आणि गावोगावच्या आशाताई, यांनी बाळंतपण घरातून दवाखान्यात आणले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होतात. सुईण गेली आणि सिस्टर आली. पण सुईण कंबर चोळायची, पाठीला टेकू द्यायची, बाईला उकिडवे बसू द्यायची. दवाखान्यात हे सुटले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. लोखंडी खाट, सलाइन आणि ‘ओरडू नको’ एवढेच उरले.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा याच्याशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात चारांतले एक बाळंतपण, नेमके २५.४ टक्के, सिझेरियनने होते. देशातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आहे. यामागे पैसा आहे, डॉक्टरांची भीती आहे, मुहूर्त आहेत. पण ‘कळा नकोत, सरळ सिझर करा’ असे म्हणणाऱ्या पहिलटकरणीही आहेत, हे कोणताही प्रसूतितज्ज्ञ सांगेल. भोगायचे नाहीतर पोट फाडून घ्यायचे, एवढे दोनच मार्ग समोर असतील तर त्या निवडीला निवड म्हणणे अवघड आहे.

मधले मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत प्रभावी एपिड्युरल. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून भुलीचे औषध सोडायचे. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, तोही सुई टोचून निघून जाणारा नव्हे, हाकेच्या अंतरावर थांबणारा. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मध्यरात्री असा माणूस मिळेल, यावर कोणी पैज लावणार नाही. दुसरा मार्ग इंजेक्शनांचा. मुंबईत नवरोजी वाडिया प्रसूती रुग्णालयाशी जोडलेले डॉ. शिरीष दफ्तरी आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय परिस्थितीला बेतून ‘प्रोग्रॅम्ड लेबर’ची पद्धत बसवली. भूलतज्ज्ञाला तिष्ठत न ठेवता, साध्या आणि स्वस्त इंजेक्शनांच्या छोट्या मात्रा ठरावीक टप्प्यांवर द्यायच्या, पिशवीचे तोंड लवकर उघडायला मदत करायची आणि सोबत पार्टोग्राफ काटेकोर भरायचा. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हा प्रश्न ओळखला होता, याचा हा पुरावा. तरीही ही औषधे डॉक्टरच्या हुकमावर चालतात आणि त्यांचा अंमल बाळापर्यंत पोहोचू शकतो.

तिसरा मार्ग गॅसचा. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे मिसळून एकाच सिलिंडरमध्ये भरलेले असतात. एन्टोनॉक्स हे त्याचे रूढ नाव. ब्रिटनमध्ये निम्म्याहून जास्त बायका बाळंतपणात तो वापरतात. भारतात तो मिळतो, पण मुख्यतः शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांत. सिलिंडरला झडप, झडपेला नळी आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा किंवा मास्क. बाईने श्वास ओढला तरच झडप उघडते, सोडला की मिटते. नळी तिच्याच हातात असते, दुसऱ्या कोणी ती तिच्या तोंडावर दाबून धरायची नाही, हा पहिला नियम. गुंगी वाढली तर हात आपोआप खाली येतो, गॅस थांबतो आणि दोन-चार श्वासांत शुद्ध ठिकाणावर येते. गॅस फुफ्फुसांवाटे आत जातो आणि त्याच वाटेने काही मिनिटांत बाहेर पडतो. कळांचा जोर तो कमी करत नाही, बाळंतपण लांबवत नाही.

खरी मेख वेळेची आहे. गॅसचा अंमल सुरू व्हायला वीस-तीस सेकंद लागतात आणि तो पुरता चढायला जवळपास मिनिट. कळ मात्र मिनिटभरातच चढून ओसरते. दुखायला लागल्यावर नळी तोंडाला लावली तर कळ पुढे निघून जाते, गॅस मागून पोहोचतो आणि बाई म्हणते, याने काही होत नाही. म्हणून जाणती नर्स बाईच्या पोटावर हात ठेवून बसते. पिशवी आवळायला लागली की ते तळव्याला आधी कळते, बाईला दुखणे जाणवते ते त्यानंतर. तळव्याखाली पोट घट्ट होऊ लागले की नर्स म्हणते, ‘घे आता, लांब श्वास घे’. कळ शिगेला पोहोचते तेव्हा गॅसही चढलेला असतो. पोट सैल पडू लागले की ‘पुरे, सोड’. पाच-सहा कळांनंतर बाईला स्वतःलाच अंदाज येतो. दुखणे नाहीसे होत नाही, ते जरा लांब सरकते. कुणाला मळमळते, कुणाला गरगरते, कुणी नळी बाजूला ठेवून देते. पण यात यंत्राइतकाच तो पोटावरचा हात महत्त्वाचा आहे.

या गॅसचा इतिहासही याच हाताभोवती फिरतो. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा बायबलचा दाखला देऊन विरोध झाला. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिले आणि विरोधाची धार बोथट झाली. पण ही सगळी डॉक्टरांनी श्रीमंतांना दिलेली औषधे होती. नायट्रस ऑक्साइडचा वेदनाशामक गुण हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्येच नोंदवला होता. पीटर्सबर्गच्या स्टॅनिस्लाव्ह क्लिकोविच यांनी १८८० च्या सुमारास तो ऑक्सिजनसह बाळंतिणींवर वापरला. तरी तो गरिबाच्या घरी पोहोचायला आणखी अर्धशतक गेले. १९३३ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबर्ट मिनिट यांनी बाईला स्वतः ओढता येईल असे गॅस आणि हवा यांचे सुटसुटीत यंत्र केले. १९३६ मध्ये ब्रिटनच्या सुईण मंडळाने निर्णय घेतला: प्रशिक्षण झालेल्या सुईणीने डॉक्टर हजर नसतानाही हे यंत्र वापरावे. डॉक्टरांनी आधी बाईला तपासलेले हवे, अशी अट घातली.

यंत्र निर्दोष नव्हते. हवेत मुळात ऑक्सिजन २१ टक्के. तिच्यात गॅस मिसळला की तो आणखी घटणार. हे कोडे १९६१ मध्ये मायकेल टन्स्टल यांनी गॅस आणि ऑक्सिजन एकाच सिलिंडरमध्ये भरून सोडवले आणि १९६५ मध्ये सुईणींना त्याचीही परवानगी मिळाली. दरम्यान १९४९ मध्ये बाळंतपणातल्या वेदनाशमनावर ब्रिटिश संसदेत विधेयक येऊन पडलेही होते. तिकडेही हे आपोआप घडलेले नाही. सुधारलेले यंत्र आणि सुईणीचा लेखी अधिकार या जोडीने ते घडले.

कोल्हापूरला या विषयाचा एक जुना, अर्धवट राहिलेला धागा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होते. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाचे प्रमुखपद देऊ केले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. काम सुरूच झाले नाही. बायकांचा विभाग बाई डॉक्टरच्या हाती द्यायला कोल्हापूरचा दरबार त्या काळी तयार होता, एवढे त्या नेमणुकीवरून म्हणता येते.

तर मग उद्या सिलिंडर मागवून चंदगडला उभे करावेत का? तसे केले तर घात होईल. पहिली अडचण आपल्या ताटातली आहे. नायट्रस ऑक्साइड शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करते. ज्या बाईच्या शरीरात ते पुरेसे आहे तिला काही तासांच्या वापराने सहसा बाधा होत नाही. जिच्यात ते आधीच खालावलेले आहे तिच्या मज्जातंतूंना धोका संभवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका तपासल्या, तेव्हा तिघींतल्या दोघींमध्ये बी-१२ कमी आढळले. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. इंग्लंडच्या पुस्तकातला नियम जसाच्या तसा उचलून इथे चालणार नाही. तपासणी सातव्या महिन्यातच व्हायला हवी, आणि ती गॅस आला नाही तरी व्हायला हवी.

दुसरी अडचण खोलीची. बाई श्वासातून जो गॅस बाहेर सोडते तो खोलीत साठतो आणि दिवसभर तिथे राबणाऱ्या नर्सच्या नाकात जातो. २०२२-२३ मध्ये इंग्लंडमधल्या काही रुग्णालयांना याच कारणाने हा गॅस काही काळ बंद ठेवावा लागला. पावसाळ्यात झडी आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या चंदगडच्या खोलीत हवा खेळती कशी राहील, हे आधी अभियंत्याला विचारावे लागेल. शिवाय हा वायू वातावरण तापवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. मोठ्या रुग्णालयांत गळक्या पाइपलाइनींमधून तो वाया जातो, त्यामुळे इथे सुटे सिलिंडरच बरे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: पोटावर हात ठेवून बसायला नर्सला वेळ कुठे आहे? रात्रपाळीला वॉर्ड, लेबर रूम आणि अचानक आलेला सर्पदंश एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरकडून ही अपेक्षा करणे हा अन्याय आहे. म्हणून सोबतीचा मुद्दा गॅसच्या आधी येतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रसूतिकक्षात एका स्त्री-सोबतीला परवानगी दिली. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा सतत कोणी जवळ असलेल्या बायकांमध्ये सिझेरियनही कमी आणि वेदनाशामकांची गरजही कमी आढळली. या उपायाला सिलिंडर लागत नाही, आई, सासू किंवा जाऊ लागते. तरीही अनेक ठिकाणी तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवले जाते.

सारांश असा की वेदनाशमन हा ग्रामीण भागात औषधाचा प्रश्न कमी आणि अधिकाराचा जास्त आहे. एपिड्युरल भूलतज्ज्ञाशिवाय होत नाही, म्हणून ते शहरात राहते. गॅस नर्सच्या हातून होऊ शकतो, म्हणूनच तो गावाला परवडेल. पण तिला तो द्यायचा लेखी हक्क, प्रशिक्षण आणि रात्रपाळीत दुसरे माणूस मिळाले तरच. केंद्राने २०१८ मध्ये नर्सेसना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन सर्वसाधारण बाळंतपणे त्यांच्याकडे सोपवण्याचे धोरण जाहीर केले. वेदनाशमनाचा निर्णयही त्या कामातच धरला पाहिजे.

सुरुवात गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयापासून करावी, कारण चंदगड आणि आजऱ्याच्या वाटा तिथे मिळतात. अशा प्रशिक्षित नर्स, दोनच सिलिंडर, हवेशीर खोली, बी-१२ ची तपासणी आणि वर्षभराचा कालावधी. किती जणींना विचारले, किती जणींनी नको म्हटले, किती जणींनी मळमळून मध्येच सोडले, किती जणींना तरीही बेळगावला किंवा कोल्हापूरला हलवावे लागले, याची नोंद ठेवावी. प्रयोग फसला तर का फसला हेही त्यातून कळेल. चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयाने तोवर थांबायचे कारण नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला आत घ्यायला तिथे कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.