मुक्काम आणि माघार

शरीरावर मोठे संकट आले असता मनुष्य गंभीर होतो. लहान इजा झाली असता मात्र तो चिडतो. घरात कोणी अत्यवस्थ असताना जो गृहस्थ धीराने वागतो, तोच पाय मुरगळून चार दिवस घरी बसावे लागले की आल्यागेल्यावर त्रासू लागतो. असे का व्हावे? मोठ्या संकटापुढे आपला अहंकार आपोआप नमतो. लहान अडचण मात्र त्याला अपमानासारखी झोंबते, हेच त्याचे कारण असावे.

दूर पल्ल्याची धाव घेणाऱ्याला हा अनुभव वारंवार येतो. धारहून मांडू सुमारे पस्तीस किलोमीटर आहे, मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर त्याहूनही अधिक. एवढे अंतर धावण्याची तयारी एखादा तरुण महिनोन्महिने करतो आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली असता त्याची नडगी दुखू लागते. यात दैवाचा कोप नाही. देहाचा धर्म आहे. हृदय, फुप्फुसे व स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडांना आणि स्नायू हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना मात्र महिने लागतात. दम पुरतो म्हणून मनुष्य अंतर वाढवीत जातो आणि पाय मागे पडतात. नडगीची कळ ही त्या मागे पडलेल्याची हाक होय.

ही हाक ऐकून मनुष्य बहुधा दोन चुका करतो. एक तर दुखणे लपवून धावतो आणि आठ दिवसांच्या विश्रांतीने भागले असते तेथे तीन महिने अंथरुणाशी जखडून घेतो. नाहीतर सारे श्रम वाया गेले असे समजून धावणेच सोडतो. वरवर पाहता पहिला शूर व दुसरा भित्रा दिसतो. वस्तुतः दोघांचेही तारतम्य सुटलेले असते. श्रीमद्भगवद्गीतेने दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण, सुखदुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत असे सांगितले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच गीतेने सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार करून, मूढ हट्टाने स्वतःला पीडा देत केलेल्या तपाला तामस ठरविले आहे, याचे स्मरण आपणांस कमी असते. सोसणे हा गुण खरा. पण हट्ट म्हणजे सोसणे नव्हे.

मग थांबावे केव्हा आणि चालावे केव्हा? देहापुरते उत्तर फारसे अवघड नाही. पोटऱ्या जड वाटतात, पण थोडे चालल्यावर मोकळ्या होतात, ते शिणाचे दुखणे. त्याचा बाऊ करू नये. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ उठते, धावताना ती वाढते आणि निजल्यावरही सलते, ते दुखणे थांबण्याची आज्ञा समजावे व डॉक्टरांकडे जावे. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने महिन्यांची कमाई बुडत नाही. मनाचे उत्तर मात्र याहून कठीण आहे, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको.

धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे दक्षिणेस नर्मदेला जाऊन भिडतात. धारकडील धरमपुरी आणि देवासकडील नेमावर ही परिक्रमेच्या वाटेवरील ठिकाणे. नर्मदेची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून अडीच हजारांहून अधिक किलोमीटरांची ही पायी वाट. ती चालताना टाचेला फोड येतात, घोटा सुजतो, ताप भरतो. परिक्रमावासी अशा वेळी एखाद्या देवळात चार दिवस पडून राहतो, आणि त्यामुळे त्याची परिक्रमा खंडित होत नाही. खंडित होते ती नदी ओलांडल्याने. परंपरेने तर पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहणे हा परिक्रमेच्या नियमाचाच भाग मानला आहे. ज्यांनी हा नियम घातला, त्यांना मुक्काम आणि माघार यांतील भेद पक्का कळला होता. नदी उजव्या हाताला आहे तोवर थांबलेला मनुष्यही वाटेवरच असतो.

यावर कोणी म्हणेल, असे समाधान आळशालाही सोयीचे आहे. आक्षेप योग्य आहे. म्हणूनच मुक्कामाची कसोटी मुक्कामात काय केले यावर लागते. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रस्त होऊन विश्रांतीसाठी देवासला आले. सुमारे पाच वर्षे त्यांना गाता आले नाही. गवयाला गळा वर्ज्य होणे ही लहान अडचण नव्हे. परंतु गाणे थांबले तरी त्यांचे ऐकणे थांबले नाही. कानी पडणारी माळव्याची लोकगीते त्यांनी मनात साठविली, त्यांवर चिंतन केले, आणि बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या मातीचा सूर त्यांच्या गाण्यात उतरला होता. ज्या गावाने ती पाच वर्षे पाहिली, त्या गावातील धावणाऱ्याने आठ दिवसांच्या विश्रांतीचे दुःख किती करावे, हे त्यानेच ठरवावे.

शर्यतीतील अपयशाचेही तसेच आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर धावणारे सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. पण आपल्या देशातून त्या शर्यतीत उतरलेल्या पहिल्या धावपटूंत दोघांचीही गणना होते. क्रमांक त्या दिवसाचा असतो. वाट त्याहून मोठी असते.

म्हणून पाय दुखावला असता धावणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: आज माझे अंतर चुकले की माझा संकल्प? केवळ अंतर चुकले असेल तर पायाला तेल लावावे, घरातील कामाला हात द्यावा, ज्यांना चालताही येत नाही त्यांची चौकशी करावी आणि स्वस्थ निजावे. पावसाळा संपताच परिक्रमावासी झोळी उचलतो व 'नर्मदे हर' म्हणून चालू लागतो. चुकलेल्या महिन्यांचा हिशेब तो नदीला विचारीत नाही.