वाटेवर जुळलेली मंडळी
(मननासाठी : प्रेषितांची कृत्ये १६:६–१५)



बदलीचा हुकूम हाती आला म्हणजे उपदेशकाच्या मनात पहिला विचार नव्या गावाचा येतो. तेथे पोहोंचलो म्हणजे सेवा सुरू होईल, तोंवरचा रस्ता हा नुसता खोळंबा, असे आपण समजतो. पवित्र शास्त्र मात्र रस्त्याविषयी निराळेच शिकविते.

इ. स. ५० च्या सुमारास पौल, सीला व तीमथ्य फ्रुगिया व गलतिया या प्रांतांतून चालले होते. आशियात वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने त्यांस मनाई केली. ते बिथुनियाकडे वळू लागले, तोंच तीही वाट बंद झाली. शेवटी ते समुद्रकाठी त्रोवसास आले. ही वाट शेकडो मैलांची. पण लूकाने ती तीन वचनांत संपविली आहे. त्या मैलांत कोणाचा बाप्तिस्मा झाल्याचे किंवा मंडळी स्थापल्याचे त्याने लिहिलेले नाही. मग ते मैल वाया गेले काय?

लूकाची भाषा लक्ष देऊन पाहा. आठव्या वचनापर्यंत तो या प्रवाशांस ‘ते’ म्हणतो. दहाव्या वचनात तो ‘आम्ही’ म्हणू लागतो. दृष्टांत एकट्या पौलास झाला. परंतु देवाने आपणांस मासेदोनियास बोलाविले आहे, हा निश्चय सर्वांचा झाला. रस्त्याने त्यांची एक मंडळी केली होती.

गेल्या जूनमध्ये आम्ही पाच जण अहिल्यानगराहून एस. टी.ने मनमाड, मालेगाव, धुळे, शहादा या मार्गे सातपुड्यातील धडगावास नव्या कामावर निघालो. धुळ्यास पुढची गाडी चुकली आणि रात्र स्थानकावर काढणे भाग पडले. तेथे मनांतले बाहेर आले. एक भगिनी म्हातारी आई मागे राहिली म्हणून रडली. एक बंधू म्हणाले, “आम्हांस कोणी विचारलेच नाही, नुसता कागद आला.” कोणी कोणास गप्प केले नाही. आम्ही हाच अध्याय वाचला, उरलेली भाकरी वाटून खाल्ली, आणि एकेकाने प्रार्थना केली. सकाळी गाडीत बसलो तेव्हा दुःख सरले नव्हते. पण ते आता एकट्याचे राहिले नव्हते.

ज्यांस वाट निष्फळ वाटते, त्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास आठवावा. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले व १८२६ साली नाशिककडील फेरीत पटकीने वारले. ते घरी परतले नाहीत. तथापि त्यांची सेवा अपुरी राहिली असे कोण म्हणेल?

आणि वाटेच्या शेवटी काय झाले तेही पाहा. दृष्टांतात एक पुरुष हाक मारीत होता; फिलिप्पैस नदीकाठी भेटल्या त्या स्त्रिया. त्यांतली लुदिया, जांभळी वस्त्रे विकणारी, मूळची थुवतीरा नगराची. आणि थुवतीरा तर आशियात! ज्या प्रांताचे दार पौलाला बंद झाले, त्याच प्रांताची एक लेक नव्या गावी प्रथम विश्वास ठेवती झाली. देव दार बंद करितो तेव्हा आतल्या माणसांस विसरत नाही.

म्हणून उपदेशकहो, वाटेवरच एकमेकांचे व्हा. मनांत किल्मिष ठेवून गावात शिराल, तर पहिल्या उपदेशाआधी लोक तेच वाचतील. निरोप देणाऱ्या मंडळ्यांनो, उपदेशक गेला तरी त्याची आई तुमच्यातच आहे. तिच्या दाराशी जा. आणि ज्या गावी नवा उपदेशक येत आहे तेथील बंधूंनो, तो थकून उतरेल, तुमची बोलीही त्यास नीट येत नसेल. लुदियेने आधी घर उघडले. तिच्या घरी पाहुण्यांची ओळख झाली. तुमच्या घरचा तांब्याभर पाणी त्या दिवशी मोठ्या स्वागतसभेहून अधिक बोलेल.

जो प्रभू आपणांस पाठवितो तो गाव येण्याची वाट पाहत बसत नाही. तो आपल्याबरोबर चालतो. त्याची कृपा सर्व वाटसरूंवर असो. आमेन.