मत बदलले, जाब कोणाला दिला?

हाविएर सोलाना यांच्यावर एक आरोप नेहमी होतो: नाटोला विरोध करणारा हा स्पॅनिश समाजवादी पुढे त्याच नाटोचा सरचिटणीस झाला. आरोप खरा आहे, पण मला तो वजनदार वाटत नाही. 1982 साली स्पेन नाटोत गेला तेव्हा सोलानांचा पक्ष विरोधात होता. त्याच वर्षी पक्ष सत्तेवर आला, सोलाना संस्कृतिमंत्री झाले आणि पंतप्रधान फेलिपे गोन्सालेस यांचे मत पालटले. मात्र पालटलेले मत त्यांनी परस्पर लोकांच्या गळ्यात मारले नाही. हरण्याची पुरेपूर शक्यता असताना 12 मार्च 1986 रोजी सार्वमत घेतले. तेव्हा सरकारचे प्रवक्ते सोलानाच होते. मतपत्रिकेवर तीन अटी छापलेल्या होत्या: नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेत सामील व्हायचे नाही, स्पेनमध्ये अण्वस्त्रे येणार नाहीत, अमेरिकी सैन्य टप्प्याटप्प्याने कमी होईल. लोकांनी अटींसकट होकार दिला. मत बदलायचे तर लोकशाहीत याहून सरळ मार्ग नाही.

खोट आहे ती पुढच्या टप्प्यात. डिसेंबर 1995 मध्ये सोलाना नाटोचे सरचिटणीस म्हणून ब्रुसेल्सला गेले. वर्षभरात माद्रिदच्या संसदेने पहिली अट मोडीत काढली. पुन्हा सार्वमत झाले नाही. 23 मार्च 1999 रोजी सोलानांनी नाटोचे सेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांना युगोस्लावियावर हवाई हल्ले सुरू करण्यास सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. हल्ले 78 दिवस चालले. 23 एप्रिलच्या पहाटे बेलग्रेडच्या दूरचित्रवाणी केंद्रावर क्षेपणास्त्र पडले आणि रात्रपाळीचे 16 कर्मचारी मेले. यावर म्हटले जाते की युगोस्लावियाच्या कोसोव्हो प्रांतातल्या अल्बेनियन लोकांना घरादारातून हाकलले जात असताना हातावर हात ठेवून बसणे शक्य नव्हते. ते मला मान्य आहे. दुसरा बचाव असा की निर्णय 19 निवडून आलेल्या सरकारांचा होता, सरचिटणीसाने तो फक्त कळवला. हा बचावच माझे म्हणणे सिद्ध करतो. 19 जणांत वाटलेली जबाबदारी कोणाच्याच वाट्याला येत नाही. गोन्सालेस यांना मतदार घरी पाठवू शकत होते, 1996 मध्ये त्यांनी पाठवलेही. ब्रुसेल्समधून निघालेल्या आदेशासाठी मतपेटी कुठेच नव्हती.

नंतरची दहा वर्षे सोलाना युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरण सांभाळत होते. 2001 मध्ये मॅसेडोनियातले यादवी युद्ध टाळण्यात त्यांचा वाटा मोठा होता; ते श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण एवढ्या मोठ्या पदावरच्या नेमणुकीला युरोपीय संसदेची संमती लागत नसे. डिसेंबर 2009 मध्ये लिस्बन करार अमलात आला, तेव्हापासून ती लागते. त्याच सुमारास सोलाना निवृत्त झाले होते.