कोणी केलं?

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा नायक झुंजार वावरला तो मुंबईत. सातपुड्याकडे मराठी रहस्यकथा फारशी वळलीच नाही. नवरा गेल्यावर घरची शेती एकटीने सांभाळणारी बाई, पाड्यावर लागोपाठ आजारपणं, एक मूल दगावतं आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न उठतो: कोणी केलं? इंग्रजी कादंबरीत अशी बाई बहुधा स्वतःच छडा लावते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मात्र या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिचंच नाव घेतलं जाण्याची भीती असते. लोक तिला डाकीण ठरवतात.

धुळ्यातून वेगळा होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला. 2011च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. यांतल्या अनेकांचं दैवत याहामोगी, धान्य देणारी आई. तिचं ठाणं सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला सातपुड्यातून माणसं पायी निघतात, देवीपुढे नवं धान्य ठेवतात. म्हणजे कणगी भरणारी शक्ती इथे स्त्रीरूपच आहे. मग कणगी सांभाळणाऱ्या हाडामांसाच्या बाईचाच संशय का यावा?

याचं झटपट उत्तर ‘अडाणीपणा’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे, आणि अन्यायाचंही. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरच्या 1937च्या ग्रंथात धान्याच्या कोठाराचं उदाहरण दिलं आहे. उन्हात लोक कोठाराखाली सावलीला बसतात, कोठार कोसळतं, माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदेंनाही ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न पुढचा असतो: नेमकी हीच माणसं खाली असताना, नेमकं आत्ताच का? या ‘का’पाशी वाळवी गप्प बसते. तिथून चेटकाचा विचार सुरू होतो.

हा प्रश्न अझांदेंचा एकट्यांचा नाही. पंढरीच्या वाटेवरचा वारकरीही लेकरू गेल्यावर तोच विचारतो. त्याला प्रारब्ध, संचित अशी उत्तरं मिळतात. ती पटोत न पटोत, त्यांत शेजारणीचं नाव नसतं, आणि हा फरक फार मोठा आहे. ‘माझंच का?’ असा टाहो देवापुढे फोडण्याचा हक्क दुःखी माणसाला आहे, आणि तो कुणीही काढून घेऊ नये. पण त्या टाहोला जिवंत माणसाचं नाव जोडलं, की श्रद्धा खटला चालवू लागते. या खटल्यात साक्ष नसते, उलटतपासणी नसते. भगत दाणे पाहून कौल देतो. (सगळेच भगत बायकांवर बोट ठेवतात असं मुळीच नाही, कित्येक जण झाडपाल्याचं औषध देतात, धीर देतात.)

आणि ज्या आजाराने मूल जातं, त्याला कधी कधी गुन्हेगारच नसतो. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लहानग्याचे हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होतं. मध्येच बरं वाटतं आणि पुन्हा कळ उठते. बाहेरून कुणी काही करतंय असं वाटावं, अशीच या दुखण्याची चाल आहे. ज्या जनुकाच्या दोन प्रती मुलाला छळतात, त्याची एकच प्रत असली तर ती मलेरियापासून बरंच रक्षण करते; म्हणूनच मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. जे पूर्वजांना तारून गेलं, तेच या लेकराच्या वाट्याला असं आलं. यात दोष कुणाचा?

तरीही प्रत्येक प्रकरण केवळ शोकातून उगवत नाही. अनेक आदिवासी समाजांच्या रूढीत विधवेला नवऱ्याची जमीन हयातभर कसता येते. तिच्यामागे ती जमीन दीर-पुतण्यांकडे जाते. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी झारखंडच्या अभ्यासातून डाकीण ठरवणं आणि विधवेचा हा हक्क यांचा संबंध दाखवून दिला. 1956चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य केला. पण जमीन हे सगळ्याचं कारण धरणंही चूक ठरेल, कारण भूमिहीन बायकांवरही हा आळ आलेला आहे. बोट दाखवणारी आई खरोखर घाबरलेली असू शकते, आणि तिच्या भीतीवर डोळा ठेवून बसलेला भाऊबंद त्याच अंगणात असू शकतो. रहस्यकथाकाराला इथे दोन वेगळी मनं रंगवावी लागतील.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते सातपुड्यात डाकीण प्रथेविरुद्ध बोलत आले आहेत, आणि ते काम सोपं नाही. शोकात बुडालेल्या घराला आधी रक्ततपासणीचं महत्त्व सांगायचं की बहिष्कृत बाईला आधी घरी आणायचं, हे त्यांना दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

सातपुड्यावर कुणी ही कादंबरी लिहायला घेतलीच, तर तिच्या तपास अधिकाऱ्याने तलाठ्याच्या दप्तरातून सुरुवात करावी. सातबाऱ्यावर विधवेच्या नावाचा फेरफार कधी झाला आणि तिला पहिल्यांदा डाकीण कधी म्हटलं गेलं, या दोन तारखा त्याने आधी शेजारी ठेवाव्यात. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्या मुलाचा सिकलसेलचा अहवाल मागावा.